जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न नक्की कुणाचं?

पोस्ट लांबली आहे, आधीच सांगते. पण दरवर्षी मार्चमध्ये राज्याची आर्थिक पाहणी आली की व्हॉट्सॲपवर जिल्ह्यांच्या दरडोई उत्पन्नाचा तक्ता फिरायला लागतो, आणि मग "आमचा जिल्हा कितवा" यावरून जी जुंपते ती बघून राहवत नाही. वरचे मिरवतात, खालचे रडतात, आणि तो आकडा कसा तयार होतो हे कुणीच विचारत नाही.

मी बीड जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. बारावीला राष्ट्रीय उत्पन्नाचं प्रकरण आहे. ते शिकवताना फळ्यावर राज्याचा ताजा आकडा लिहायची माझी सवय आहे, नाहीतर पोरं नुसती व्याख्या पाठ करतात. 2024-25 च्या पाहणीत राज्याचं दरडोई उत्पन्न 3,09,340 रुपये अंदाजलं होतं. तेवढं लिहिलं आणि पुढं सरकणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे घराचं का माणसाचं?"

म्हटलं, माणसाचं. तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांची सरासरी.

तिनं वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. "आमच्या घरी पाच माणसं. मग आमचे 15 लाख 46 हजार 700 होतात." वर्ग हसला. ती हसली नाही. तिचे आईवडील त्या वेळी कोल्हापूरकडे ऊस तोडायला गेलेले होते. घरी आजी, ती आणि धाकटा भाऊ.

तास संपल्यावर ती वही घेऊन आली. म्हणाली, "आमचा खरा हिशोब करून बघू का?" आम्ही स्टाफरूमच्या दारात उभ्या राहून केला. नवरा-बायको मिळून एक कोयता. रोजची दोन टन तोड धरली. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, त्यानंतर टनाला साधारण 366 रुपये. म्हणजे दिवसाला दोघांचे मिळून 732. हंगामाचे 140 दिवस कामाचे धरले तर 1,02,480. घरी दोन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन 12 क्विंटल झालेलं. चार हजारानं विकलं, 48 हजार आले. बी, खत, फवारणी, मळणी वजा जाता हातात बावीस-तेवीस हजार. सगळं मिळून सव्वा लाख. पाचानं भागलं तर माणशी 25 हजार.

(मुकादमाची उचल यात धरली नाही. उचल म्हणजे उत्पन्न नव्हे, ते कर्ज. पण हे त्या मुलीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.)

आता फळ्यावरचे तीन लाख आणि वहीतले पंचवीस हजार यातला फरक बघून पहिली प्रतिक्रिया हीच येते की सरकारी आकडे खोटे. वर्गात एकजण म्हणालाही, "मॅडम, फुगवलेलेत." मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायलाच ही पोस्ट लिहितेय. आकडा खोटा नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. आपला प्रश्न असतो, "इथल्या माणसाला किती मिळतं?" आकड्याचा प्रश्न असतो, "या हद्दीत किती मूल्य तयार झालं?" ते मूल्य नंतर कुणाच्या खिशात गेलं, कुठल्या गावाला गेलं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जगभरात राज्य-जिल्ह्याचं उत्पादन असंच मोजतात. चूक मोजण्यात कमी आणि नावात जास्त आहे. "दरडोई उत्पन्न" म्हटलं की माणसाला पगार आठवतो. त्यात कंपन्यांचा नफा असतो, व्याज असतं, तुम्ही स्वतःच्या घरात राहता म्हणून त्या घराचं मानीव भाडंसुद्धा असतं. शेणाची किंमतही धरतात, पशुधनाच्या उत्पन्नात. फक्त ते शेण उचलून गोवऱ्या थापणाऱ्या बाईचं बाकीचं घरकाम कशातच धरत नाहीत. असो, तो वेगळ्या पोस्टचा विषय.

तर त्या मुलीच्या घराकडे परत येऊ. सव्वा लाखातले एक लाख आणि वर दोन हजार तोडणीचे. हे पैसे सरकारी हिशोबात कुठल्या जिल्ह्यात पडतात? ऊस जिथं उभा होता तिथं. उसाचं उत्पन्न हे कोल्हापूरच्या शेतीचं उत्पन्न, आणि तोडणीची मजुरी त्याचाच एक हिस्सा. बीडच्या खात्यात या घराचं म्हणून पडतं ते सोयाबीनचे बावीस-तेवीस हजार, शेळी-कोंबडी असली तर तिचं, आणि पत्र्याच्या घराचं ते मानीव भाडं. जे मजूर सीमेपलीकडं बेळगावकडं जातात त्यांची मजुरी तर महाराष्ट्राच्याच हिशोबाबाहेर.

म्हणजे गंमत बघा. आम्ही बीडवाले तक्त्यात आपला नंबर खाली बघून हळहळतो, पण त्या तक्त्यात आमच्या लाखो माणसांच्या सहा महिन्यांच्या घामाचे पैसे आलेलेच नसतात. ते दुसऱ्याच्या जिल्ह्याचा नंबर वर ढकलत असतात. कोल्हापूर-सांगलीच्या मित्रांनी यावर रागावू नये, हिशोबाची रीतच तशी आहे. कोकणाचंही तेच. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर रत्नागिरी-सिंधुदुर्गातली किती घरं उभी राहिली, पण ती रक्कम त्या जिल्ह्यांच्या उत्पन्नात कधीच मोजली गेली नाही. ती मुंबईच्या गिरणीत तयार झाली होती ना.

उलटं बघायचं तर चंद्रपूर बघा. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, आणि 2,920 मेगावॉट क्षमतेचं महाऔष्णिक वीज केंद्र. या सगळ्याचं मूल्य चंद्रपूरच्या नावावर चढतं. कोळसा काढणाऱ्या वेकोलिचं मुख्यालय नागपुरात, सिमेंट कंपन्यांचे भागधारक कुठकुठले, वीज वापरणारे आपण सगळे. राखेची धूळ तेवढी चंद्रपूरकरांची. त्या जिल्ह्याच्या सरासरीत जिवतीचा कोलाम शेतकरीही असतो आणि त्याच्या वाट्याला कागदावर खाणीचा तुकडा येतो. बीडमध्ये माणसाची कमाई आकड्यात येत नाही, चंद्रपुरात आकड्यातली कमाई माणसापर्यंत येत नाही. तरी दोन्ही जिल्हे एकाच तक्त्यात खाली-वर बसतात आणि आपण क्रमांक वाचतो.

पालघरचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत जव्हार-मोखाड्याचा वारली माणूस ठाणे जिल्ह्यातला होता. ठाणे राज्यातल्या श्रीमंत जिल्ह्यांपैकी. कागदावर तोही श्रीमंत. बरं, वेगळा होऊनही सुटला का? आता त्याच्याबरोबर तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुऊर्जा केंद्र आहे. सरासरी पुन्हा समुद्राच्या बाजूनं ठरते, डोंगराच्या नाही. आणि तालुक्याचं उत्पन्न तर त्या तक्त्यात नसतंच.

इथपर्यंत व्याख्येचा प्रश्न झाला. आता दुसरा भाग, जो फार थोड्यांना माहीत असतो. जिल्ह्याचा आकडा बराचसा मोजलेला नसतो, वाटलेला असतो.

शेतीचं त्यातल्या त्यात बरं आहे. पेरणीचं क्षेत्र गावोगावच्या पीकनोंदीतून येतं. पूर्वी तलाठी सातबाऱ्यावर पीकपेरा लिहायचे, 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवरून नोंद करायची. उतारा पीक कापणी प्रयोगातून येतो, म्हणजे निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून खरोखर कापून-मळून तोलतात. क्षेत्र गुणिले उतारा गुणिले भाव. त्यात त्रुटी असतील, पण निदान कुणीतरी बांधावर गेलेलं असतं.

कारखान्यांची वार्षिक पाहणी असते. मात्र एकाच मालकाचे एकाच राज्यात, एकाच उद्योगातले अनेक कारखाने असतील तर त्यांचं एकत्रित विवरण भरायची मुभा आहे. राज्यासाठी ते चालून जातं, जिल्ह्याला तो कारखाना कुठला हे परत शोधत बसावं लागतं.

आणि मग राहतं ते सगळं. किराणा दुकान, चहाची टपरी, शिंपी, रिक्षा, ट्रक, ब्यूटी पार्लर, खासगी क्लास, गवंडी. रेल्वे, बँका, दूरसंचार यांचा राज्याचा वाटा केंद्राकडून ठरून येतो. टपरी-दुकानांसाठी दर कामगारामागे किती मूल्य तयार होतं हे नमुना पाहणीतून काढलेलं असतं आणि त्याला कामगारांच्या संख्येनं गुणतात. राज्याची बेरीज तयार झाली की जिल्ह्याजिल्ह्यांत ती वाटायची, बहुतेक वेळा तिथल्या कामगारांच्या प्रमाणात.

गावच्या जत्रेची वर्गणी कशी काढतात? एकूण खर्च भागिले उंबरे. उंबऱ्यामागं पाचशे. म्हणून काय प्रत्येक घराची ऐपत पाचशे असते का? हे तसंच आहे. फार तर ग्रामीण आणि शहरी असे दोन दर लावतात. पण आमच्या बीडच्या सुभाष रोडवरचं कापडदुकान आणि पुण्याच्या लक्ष्मी रोडवरचं कापडदुकान यांच्यातला फरक असल्या सूत्रात पकडला जात नाही. आणि ज्या संख्येवर वाटणी होते ती संख्या तरी कधीची? जनगणना 2011 ची. सहावी आर्थिक गणना 2013-14 ची. सातवी 2019 मध्ये सुरू झाली, मध्ये कोरोना आला, तिचे निकाल प्रसिद्धच झाले नाहीत. जुन्या मालिकेचं पायाभूत वर्ष 2011-12, ते बदलून 2022-23 करायचं केंद्रानं ठरवलं हे चांगलंच आहे, पण पायाभूत वर्ष बदललं म्हणून जिल्ह्यातली माणसं आपोआप मोजली जात नाहीत.

या पंधरा वर्षांत यूपीआय आलं, नोटाबंदी झाली, जीएसटी आला, कोरोनात किती दुकानं कायमची बंद झाली. आमच्या गल्लीतलीच तीन मला माहीत आहेत. तुमच्या जिल्ह्याच्या सेवा क्षेत्रात त्या वर्षी वाढ दिसली असेल, तर ती तुमच्या जिल्ह्यात कुणी पाहिली म्हणून नव्हे, राज्याची वाढ तुमच्या वाट्याला आली म्हणून.

सांख्यिकी कार्यालयातल्या लोकांना मी दोष देत नाही. मोजकी माणसं, वर असंख्य तक्ते, आणि हातात जुनी जनगणना. त्यांच्या पुस्तिकांत पद्धत लिहिलेलीही असते. पण ती तळटीप तक्त्याबरोबर फिरत नाही. फिरतो तो फक्त क्रमांक.

मग भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे लोकसंख्या. इथं मला स्वतःचंच एक सांगायचं आहे.

2011 च्या जनगणनेला मी प्रगणक होते. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. 9 ते 28 फेब्रुवारी अशी मोजणी. माझ्या वाट्याला आलेल्या वस्तीत निम्म्याहून जास्त घरांना कुलूप. जिथं उघडं, तिथं एखादी म्हातारी आणि दोन-तीन पोरं. फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळप हंगाम. दसऱ्यानंतर गेलेली माणसं पाडव्याच्या सुमाराला परत येणार. नियम प्रशिक्षणात नीट सांगितला होता: मोजणीचा सगळा काळ जो माणूस घराबाहेर आहे, तो जिथं असेल तिथं मोजला जाईल, इथं धरायचा नाही.

एका आजीनं मला पाच नावं सांगितली. मी विचारलं, ही तिघं कुठं आहेत? म्हणाली, "फडावर. पण बाई, हितलीच हायेत की ती. न्हाई लिहिली तर रेशनला अडचन यील." मी समजावलं की रेशनचा आणि याचा संबंध नाही. तिला पटलं नाही. पर्यवेक्षकांना विचारलं, ते म्हणाले, घ्या लिहून, वाद नको. मी लिहिली. पुढच्या घरी मात्र कुलूप होतं, सांगणारं कुणी नव्हतं, तिथं नाही लिहिली. म्हणजे माझ्या एकाच वस्तीत दोन नियम चालले, आजी घरी आहे की नाही यावर. ज्यांना मी लिहिलं ते तिकडं कोल्हापुरात पुन्हा मोजले गेले का? ज्यांना नाही लिहिलं त्यांच्या कोपीपर्यंत तिकडचा प्रगणक पोचला का? मला माहीत नाही. बीड जिल्ह्याची 2011 ची लोकसंख्या 25 लाख 85 हजार सांगतात तेव्हा मला दरवेळी ती कुलपं आठवतात. आणि त्याच आकड्यावरून पुढची अंदाजित लोकसंख्या काढतात, आणि तिनंच भागतात.

ऊसतोड मजूर एकूण किती, यावरच एकमत नाही. कुणी दहा-बारा लाख म्हणतं, कुणी पंधरा. महामंडळ स्थापन झालं, नोंदणी सुरू झाली, ओळखपत्रं निघाली, तरी बोलताना सगळे अंदाजानंच बोलतात. इतकी माणसं दरवर्षी घर सोडून जातात आणि त्यांची बेरीज आपल्याकडं पक्की नाही.

"बरं, मग काय बिघडलं?" असं कुणी म्हणेल. आकडा चुकला तर चुकला, ऊस तर तोडलाच जातोय.

बिघडतं ते असं. ऊस तोडणी यंत्रं वाढताहेत. यंत्राला सरकारी अनुदान आहे. मी यंत्राच्या विरोधात नाही. सहा महिने उघड्यावर कोपीत राहणं, पहाटे चारला फडात उतरणं, पोटातलं पोर घेऊन मोळी उचलणं, हे कुणाच्या पोरीच्या नशिबी असावं असं मला वाटत नाही. पण समजा पुढच्या दहा वर्षांत निम्मा ऊस यंत्रानं तुटायला लागला. त्या मुलीच्या घरातले एक लाख दोन हजार गेले. तक्त्यात काय दिसेल? कोल्हापूरचा आकडा आहे तिथंच राहील, कारण मजुरी गेली तरी ऊस तेवढाच आणि यंत्रमालकाचा नफा तिथल्याच खात्यात. आणि बीडचा? बीडचा आकडा जागचा हलणार नाही. कारण ते एक लाख बीडच्या खात्यात कधी नव्हतेच. फार तर दुकानांतली उधारी वाढेल, लग्नं लांबतील, पोरींची शाळा सुटेल, आणि यातलं काहीही वाटणीच्या सूत्राला कळणार नाही. हजारो घरांच्या चुली अर्ध्या होतील आणि जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न सांगत राहील की सगळं ठीक चाललंय.

याची एक छोटी झलक आपण बघितली आहे. 2024-25 मध्ये राज्याच्या शेती व संलग्न क्षेत्राची वाढ 8.7 टक्के अंदाजली होती. पाऊस बरा झाला, पीक आलं, स्थिर किमतीत वाढ दिसली, यात खोटं काही नाही. त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता आणि आमच्या आडतीवर चार हजारानं, कधी त्याच्याही खाली, माल चालला होता. पोती जास्त, पैसे कमी. वाढीचा दर पोती मोजत होता.

हे आता जास्त महत्त्वाचं झालंय, कारण एक ट्रिलियन डॉलरच्या उद्दिष्टापायी प्रत्येक जिल्ह्याचा विकास आराखडा होतोय आणि त्यात जिल्ह्याचं सकल उत्पन्न वाढवण्याचं लक्ष्य आहे. ज्या आकड्याचा मोठा भाग राज्याच्या बेरजेतून वाटून येतो, तो वाढवण्याचं लक्ष्य जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं म्हणजे काय, हे मला खरंच समजत नाही. एखादा मोठा कारखाना आणला की आकडा उड्या मारेल. फडावरून परतणाऱ्या बाईला गावातच वर्षभर काम मिळालं तर आकड्यात जेमतेम चरा उमटेल. मग अधिकारी कशाच्या मागं धावणार, तुम्हीच सांगा.

पूर्वी आपल्याकडं वेगळा विचार झालेला आहे. 1983 मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलावर सत्यशोधन समिती नेमली, तिनं 1984 मध्ये अहवाल दिला. त्यात रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा असं एकेक क्षेत्र घेऊन राज्याच्या सरासरीपेक्षा कुठला जिल्हा किती मागं आहे ते मोजलं आणि त्याची रुपयांत किंमत काढली. त्याला आपण अनुशेष म्हणतो. त्यावर पुढं पुष्कळ वाद झाले, विदर्भ-मराठवाड्यात आजही होतात. पण रस्त्याचा किलोमीटर तरी जाऊन बघता येत होता. तो बीडमध्ये असेल तर बीडचाच असायचा, हंगामात कोल्हापूरला जायचा नाही. पुढं विजय केळकरांच्या समितीनं 2013 मध्ये अहवाल दिला, त्यात जिल्ह्याच्या खाली तालुक्यापर्यंत बघण्याचा प्रयत्न होता. आता वैधानिक विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, आणि आपल्या हातात उरला दरडोई उत्पन्नाचा तक्ता.

मला काय हवंय? फार नाही. एक म्हणजे तक्त्यात प्रत्येक जिल्ह्यासमोर आणखी एक रकाना छापा: यातलं किती टक्के प्रत्यक्ष मोजलं आणि किती टक्के वाटून दिलं. कागद तेवढाच लागतो. दुसरं, राष्ट्रीय नमुना पाहणीत जानेवारी 2025 पासून नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरायला सुरुवात झाली आहे. म्हणजे जिल्ह्यातल्या घरांचा खर्च किती, रोजगार किती, हे जिल्ह्याच्या पातळीवर सांगता येण्याची शक्यता आता तयार झालीय. घरगुती उत्पन्नाची स्वतंत्र पाहणीही 2026 मध्ये करायचं केंद्रानं जाहीर केलं. हे आकडे आले की ते उत्पादनाच्या तक्त्याच्या शेजारी, त्याच पानावर छापा. चंद्रपूरचं उत्पादन एवढं आणि चंद्रपूरच्या घरातला खर्च एवढा. बीडचं उत्पादन एवढं आणि बीडच्या घरात आलेला पैसा एवढा. दोन रकाने शेजारी बसले की कुठला जिल्हा माणसं पाठवून जगतो आणि कुठला जिल्हा माल पाठवून उपाशी राहतो, ते बारावीच्या पोरालाही कळेल.

तिसरी गोष्ट मात्र सरकारच्या आधी आपल्या हातात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुढची जनगणना 1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाची आहे. माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये. परत ऐन हंगामात. परत आमच्याकडं कुलपं आणि आज्या.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर इकडचे जे शिक्षक हे वाचत असतील, त्यांच्यापैकी पुष्कळांना प्रगणकाची ड्युटी लागणार. तुमच्या यादीत पक्की घरं असतील. कारखान्याच्या मागं, कॅनॉलच्या कडेला, गावठाणाबाहेरच्या पडीक रानात ज्या कोप्या उभ्या राहतात त्या घरयादीच्या वेळी तिथं नसतील, कारण घरयादी एप्रिल ते सप्टेंबर 2026 मध्ये आहे आणि कोप्या उभ्या राहतात दिवाळीच्या आगेमागे. त्यामुळं यादीत नाहीत म्हणून सोडू नका. दुपारी जाऊन उपयोग नाही, सगळे फडात असतात, लहान पोरं तेवढी भेटतील. अंधार पडल्यावर जा, बायका भाकरी थापत असतात तेव्हा. कारखान्याच्या शेतकी विभागाकडं टोळ्यांची यादी असते, ती आधी मागून घ्या. मुकादमाला विचारून त्याच्या तोंडून आकडा लिहू नका, तो कोयते मोजतो, पोरं मोजत नाही. आधीच्या वास्तव्याचं ठिकाण विचाराल तेव्हा नुसतं "बीड" ऐकून पुढं जाऊ नका, तालुका आणि गाव विचारा.

आणि ती मुलगी या वर्षी बारावी झाली. तिची आई यंदा परत गेली आहे, वडिलांच्या पाठीचं दुखणं वाढलंय म्हणून सोबत धाकटा भाऊ गेलाय. कोयता मोडायला नको म्हणून. तो नववीत होता.